सुनुंगच्या दिवशी कोरियात विमाने का थांबतात?

दक्षिण कोरियात महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेच्या दिवशी विमानेसुद्धा थांबवतात हे खरे आहे का, असल्यास एका परीक्षेला एवढे महत्त्व का, आणि सरकार ते कमी का करत नाही, असे आपण विचारले आहे.

हे खरे आहे. नोकरीनिमित्त मी तीन वर्षे देगू शहरात राहिलो. सुनुंग हे त्या परीक्षेचे नाव. नोव्हेंबरमधल्या त्या गुरुवारी इंग्रजी श्रवणचाचणी चालू असताना सुमारे ३५ मिनिटे देशात विमाने उडत नाहीत आणि उतरत नाहीत; अनेक कचेऱ्या तासभर उशिरा उघडतात. २०१७ मध्ये पोहांगला भूकंप झाला, तेव्हा साऱ्या देशाची परीक्षा आठवडाभर पुढे गेली होती.

देगूजवळच्या पाल्गोंगसान डोंगरावर गातबावी ही दगडी बुद्धमूर्ती आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी तेथे चढून गेलो, तेव्हा थंडीत चटया अंथरून कितीतरी आया गुडघे आणि कपाळ जमिनीला टेकवत १०८ नमस्कार घालत होत्या, आणि काहींनी चटईपुढे मुलाचा फोटो ठेवला होता. मूर्तीच्या डोक्यावरची सपाट शिळा ‘गात’सारखी, म्हणजे जुन्या यांगबान घराण्यांतील पुरुषांच्या टोपीसारखी दिसते, म्हणून हे नाव.

यांगबान म्हणजे चोसन या कोरियातील जुन्या राजवटीतील विद्वान-अधिकाऱ्यांचा वर्ग. ‘ग्वागो’ ही राजसेवेची परीक्षा ९५८ मध्ये सुरू झाली आणि १८९४ मध्ये रद्द झाली. कागदोपत्री ती सामान्य शेतकऱ्यालाही खुली होती, प्रत्यक्षात मात्र वर्षानुवर्षे अभ्यासाला बसण्याची ऐपत बहुधा यांगबानांचीच असे. बहुतेक जण कोरियाचे कोडे विद्येला मान देणारी ‘कन्फ्यूशियसची शिकवण’ म्हणून येथेच सोडवतात, पण मला ते अपुरे वाटते. परीक्षेतून मिळणाऱ्या अधिकारपदाचे जे सुख पिढ्यान्‌पिढ्या दुरून पाहिले, ते आपल्याही मुलाला मिळेल असे सर्वांना एकदम वाटू लागले ते विसाव्या शतकात. १९१० ते १९४५ ची जपानी सत्ता गेली. १९५० च्या जमीनसुधारणेने जमीनदारांकडची तीन हेक्टरांपेक्षा जास्तीची जमीन काढून ती कसणाऱ्या कुळांना दिली. त्यानंतरच्या तीन वर्षांच्या कोरियन युद्धात उरलेसुरले वाडेही बेचिराख झाले. जमीनदार संपला, कुळाच्या हाती तुकडाभर शेत आले, आणि मुलाला मागे ठेवता येईल अशी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे शिक्षण. शेतकरी औताचा बैल विकून फी भरत, म्हणून विद्यापीठाला ‘उगोलताप’, म्हणजे गुराढोरांच्या हाडांचा मनोरा, असे नाव पडले. या शब्दातला त्याग मला कोणत्याही आकडेवारीपेक्षा अधिक सांगून जातो.

सरकारने प्रयत्न केले नाहीत असे मुळीच नाही. १९६९ पासून सोलमध्ये माध्यमिक शाळांची प्रवेशपरीक्षा बंद झाली, १९७४ मध्ये सोल आणि बुसानमध्ये उच्च माध्यमिकचे प्रवेश सोडतीने होऊ लागले. पण त्यामुळे सारी चुरस विद्यापीठाच्या दारात येऊन थांबली. १९८० मध्ये लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर बंदी घातली, तरी शिकवण्या चोरून चालूच राहिल्या, आणि २००० मध्ये घटना न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. आज सोलमधील ‘हाग्वोन’ या शिकवणी वर्गांना रात्री दहानंतर शिकवता येत नाही, एवढे बंधन आहे. मोठ्या उद्योगसमूहातील कायम नोकरी आणि छोट्या कारखान्यातील कंत्राटी नोकरी यांत पगाराची मोठी दरी असेपर्यंत आईबाप हा खर्च थांबवणार नाहीत, असे माझे मत आहे. देगूतील माझे तरुण सहकारी दुसऱ्या मुलाचा विषय निघाला की आधी हाग्वोनच्या फीचा हिशेब मांडत. २०२३ मध्ये तेथील जननदर दर स्त्रीमागे ०.७२ वर आला, त्यामागे घरांच्या किमतींबरोबर हा हिशेबही आहे.