हवाईतली 'एडी' ही सर्फिंग स्पर्धा चाळीस वर्षांत जेमतेम अकरा वेळाच का झाली?

एवढ्या मानाची स्पर्धा दरवर्षी का होत नाही आणि तिला एका माणसाचं नाव का दिलं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात आहे, म्हणून त्या माणसापासूनच सुरुवात करतो.

एडी आयकाऊ हा लाइफगार्ड होता. 1968 मध्ये ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर होनोलुलू प्रशासनाने नेमलेला पहिलाच. त्याच किनाऱ्यावरच्या वायमेआच्या उपसागरात त्याने पाचशेहून जास्त लोकांना बाहेर काढलं, आणि तो पहाऱ्यावर असताना तिथे एकही माणूस बुडाला नाही, असं सांगतात. जिथून बाकीचे परत फिरायचे तिथे तो आत शिरायचा.

मार्च 1978 मध्ये 'होकुलेआ' ही जुन्या पॉलिनेशियन धाटणीची जोडहोडी ताऱ्यांच्या आधाराने ताहितीला निघाली. खलाशांत एडीही होता. होनोलुलू सोडून काही तास झाले नाहीत तोच मोलोकाई बेटाच्या दक्षिणेला, खवळलेल्या समुद्रात होडी उलटली. दुसऱ्या दिवशी मदत आणायला तो आपल्या सर्फबोर्डवर हातांनी पाणी मारत लानाई बेटाच्या दिशेने एकटा निघाला. बाकीच्यांना तटरक्षक दलाने वाचवलं. एडी मात्र पुन्हा कुणालाच दिसला नाही. वय 31. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेल, तरी प्रत्येक वेळी इथे थांबावं लागतं.

त्याच्या आठवणीतली पहिली स्पर्धा 1984-85 च्या हंगामात सनसेट बीचवर झाली. मग ती त्याच्या स्वतःच्या पाण्यात, वायमेआला आली, आणि 1986-87 च्या हंगामात तिथे जिंकला त्याचा सख्खा धाकटा भाऊ क्लाइड. त्या वेळी समुद्राचं रूप पाहून आयोजक विचारात पडले होते, तेव्हा मार्क फू हा सर्फर म्हणाला, 'एडी वुड गो', एडी असता तर गेला असता, अशी गोष्ट सांगतात. ते शब्द आज हवाईत गाड्यांवर चिकटवलेले असतात.

आता नियम. लाटेची दर्शनी उंची निदान 40 फूट हवी, म्हणजे चार मजली इमारत. हवाईत लाट मागच्या बाजूने मोजायची रीत असल्याने तिथले लोक तिलाच 20 फुटी म्हणतात. शिवाय अशा लाटा सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत, दिवसभर येत राहायला हव्यात. जेट-स्कीने ओढून न्यायचं नाही, लाट स्वतःच्या हातांनी गाठायची. आपल्याकडे समुद्र खवळतो तो पावसाळ्यात. तिथे हिवाळ्यात दूर उत्तर पॅसिफिकमध्ये वादळं उठतात आणि त्यांच्या लाटा हजारो किलोमीटर चालून येतात. नेमक्या हव्या तशा आल्या नाहीत, तर हंगाम रिकामा जातो. 2009 नंतर थेट 2016 उजाडलं. त्याही वर्षी फेब्रुवारीत आधी एकदा जाहीर झालेली स्पर्धा लाटा पुरेशा नाहीत म्हणून सकाळीच रद्द केली होती. माझ्या मते तो निर्णय फार मोठा होता, कारण किनाऱ्यावर गर्दी जमलेली असताना 'आज नाही' म्हणायला हिंमत लागते. दोन आठवड्यांनी ती झाली आणि जॉन जॉन फ्लॉरेन्स जिंकला. 66 वर्षांचा क्लाइडही त्या दिवशी पाण्यात होता.

केली स्लेटरसारखा जगज्जेता 2002 मध्ये जिंकला, पण मला सगळ्यात जवळची वाटते ती जानेवारी 2023 ची स्पर्धा. विजेता ल्यूक शेपर्डसन त्या दिवशी तिथेच लाइफगार्ड म्हणून ड्यूटीवर होता. सुट्टीच्या वेळात तो लाटांवर जायचा आणि फेरी संपली की पुन्हा पहाऱ्यावर. त्याच वर्षी स्त्रियाही पहिल्यांदा उतरल्या. नंतर डिसेंबर 2024 मध्ये लँडन मॅकनमारा जिंकला.

तुम्हाला बघायची असेल तर साधारण डिसेंबरच्या मध्यापासून तीन महिने लक्ष ठेवा, घोषणा दोन-चार दिवस आधीच होते. हवाईत सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात.