चालतं-बोलतं झाड फँटसीत आलं कुठून? आणि सातपुड्यातल्या कथेत ते कसं उभं करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: यावल-रावेरच्या वर, सातपुड्यात घडणारी फँटसी लिहिताय, तिच्यात चालणारं-बोलणारं झाड हवंय. अशी पात्रं मूळची कुठली आणि त्यांचा स्वभाव कसा ठरवायचा?

आधी एक पक्कं करा. तुमचं पात्र झाडात राहतं, झाड बनलेला माणूस आहे, की मुळातच झाड आहे? या तीन वेगळ्या परंपरा आहेत आणि बहुतेक कथा त्यांची सरमिसळ होऊन फसतात.

झाडात राहणारे आपल्याला नवे नाहीत. पिंपळावरचा मुंजा घ्या, नाहीतर सांचीच्या तोरणावर आंब्याला लगडलेली यक्षी. ग्रीकांची हामाड्रायड, म्हणजे झाडातली वनदेवी, त्याच्या पुढची: तिचं झाड मेलं की तीही मरते, म्हणून तिथे कुऱ्हाडीचा घाव म्हणजे खून. मुंजाचं तसं नाही. त्याची वासना माणसाची, पिंपळ हा फक्त मुक्काम.

झाड बनलेला माणूस म्हणजे ग्रीक देव अपोलोपासून पळताना लॉरेल झालेली डॅफ्नी, किंवा भागवतातले कुबेराचे मुलगे नलकूबर-मणिग्रीव. नारदाच्या शापाने ते अर्जुनाची जोडझाडं झाले आणि उखळ ओढत आलेल्या कृष्णाने त्यांना सोडवलं. इटालियन कवी दांतेच्या नरकात अशा झाडाची फांदी मोडली की जखमेतून रक्त आणि शब्द एकदमच बाहेर येतात. या पात्रांचा गाभा कोंडलेपणाचा असतो. त्यांना सुटायचं असतं.

तिसरा प्रकार, म्हणजे ज्याला माणूस व्हायचंच नाही असं झाड, ठसठशीतपणे आणला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनने. त्याचे एंट, म्हणजे चालती-बोलती झाडं, १९५४ सालच्या ‘द टू टॉवर्स’मध्ये भेटतात. ‘एंट’ हा जुन्या इंग्रजीतला राक्षसासाठीचा शब्द. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकात बर्नमचं रान चालून येणार असं भाकीत होतं, प्रत्यक्षात सैनिक फांद्या धरून येतात. शाळेत असताना टोल्किनचा याने विरस झाला होता; रान खरंच चालून जावं असं त्याला वाटे, हे त्यानेच पत्रात लिहिलंय. एंट घाई करत नाहीत, त्यांच्या भाषेत एक गोष्ट सांगायलाही फार वेळ लागतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाने १९७४ मध्ये एंट जसेच्या तसे उचलले, नंतर हक्कांच्या वादामुळे नाव ‘ट्रीएंट’ केलं.

तुम्हाला हा तिसरा प्रकार हवा असेल तर ‘एक प्राचीन वृक्ष’ असं लिहू नका, जात ठरवा. स्वभाव त्या जातीच्या वर्षचक्रातून आपोआप येतो. साग भर उन्हाळ्यात उघडा असतो, तेव्हा तो सावली देत नाही. चैत्रात त्याच्याकडे मदत मागायला आलेल्या नायकाला हे कळलं पाहिजे. मोह पहाटे फुलं गाळतो, म्हणजे त्याचं बोलणं पहाटेचं. अंजन माझ्या मते खान्देशासाठी सगळ्यात योग्य: खडकाळ, कोरड्या जमिनीत उभा, पानं जोडीजोडीने, लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. त्याची पानं गुरांसाठी छाटतात आणि सालीच्या तंतूंचे दोर वळतात. असं झाड माणसाबद्दल काय बोलेल, ते वेगळं शोधावं लागणार नाही.

हमखास चुकतं ते चालण्यात. मुळं उपटून दोन पायांवर धावणारं झाड म्हणजे साल नेसलेला पैलवान वाटतो. मुळं सुटली की पाणी तुटलं, हे आधी लक्षात घ्या: ते चाललं तर पावसाळ्यात, ओल्या जमिनीवर, आणि पोचल्यावर पुन्हा रुजायला त्याला वेळ लागला पाहिजे. डोळे-तोंडही खोडावर कोरू नका. पानांची सळसळ, ढोलीतला वारा, डिंकाचा वास एवढ्यावर बोलणं होतं.

वड घेतलात तर चाल आयतीच मिळते. पारंबी जमिनीला टेकली की रुजते, जाड होऊन खोड बनते. पुढे मूळ खोड कुजलं तरी वड जिवंतच, फक्त पहिल्या जागेपासून काही पावलं पुढे सरकलेला. गावातल्या म्हाताऱ्याला आठवतं की बुंधा पूर्वी पाराच्या मधोमध होता, आता तो एका कडेला आहे. तुमच्या कथेचा पहिला प्रसंग तिथूनच सुरू करता येईल.