"मला विचारून जन्माला घातलं होतंत का?"

हे वाक्य माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या निम्म्या आयांनी ऐकलेलं असतं. मोबाईल काढून घेतला की मुलं हमखास फेकतात तोंडावर. 2019 मध्ये मुंबईतला एक 27 वर्षांचा मुलगा तर म्हणाला होता की परवानगीशिवाय जन्माला घातलं म्हणून आईबापावर केस टाकणार, आणि आईवडील दोघं वकील! पेपरात वाचून हसलो होतो सगळे. पण एका घरात हा प्रश्न वेगळ्याच जागेवरून आला, त्यांना विचारून आणि ओळख पुसून लिहितेय.

सिंहगड रोडचं कुटुंब. मुलगी 14 वर्षांची, थॅलेसेमिया मेजर, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. म्हणजे सहा महिन्यांची असल्यापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, एकेक पिशवी तीन-चार तास. आणि नुसतं रक्त चढवून भागत नाही, कारण प्रत्येक पिशवीतून 200 मिलिग्रॅमच्या वर लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाहीये, ते लिव्हरमधे, हार्टमधे साठत बसतं, म्हणून ते काढणाऱ्या गोळ्या रोज, न चुकता. तर या बाईसाहेबांनी चार महिने गोळ्या बेसिनमधे ओतलेल्या. फेरिटिन, म्हणजे अंगात किती लोह साठलंय ते सांगणारा रक्ताचा आकडा, 4200 वर, फारच जास्त. आईने जाब विचारला तर म्हणाली, मला विचारून जन्माला घातलं होतंत का?

आई माझ्या सदाशिव पेठेतल्या खोलीत बसून एवढंच म्हणत होती, "ताई, आम्हीच तिला हे दिलं." बाबा आलेच नव्हते. चाकणला कंपनीत नाईट शिफ्ट, म्हणे मुद्दाम मागून घेतलेली. रक्ताच्या दिवशी गेली दोन वर्षं ते हॉस्पिटलमधे फिरकलेले नाहीत.

पुढच्या वेळी मुलीला एकटीला भेटले. ती जे बोलली ते मी अजून विसरले नाहीये. म्हणाली, आई रक्त चढत असताना माझ्याकडे बघतच नाही, पिशवीकडे बघते. आणि दर वेळी सॉरी म्हणते. "सॉरी कशाचं? मी झाले त्याचंच ना?"

इथेच गोम आहे बघा. आपण मुलाच्या दुखण्याची माफी मागतो आणि मुलाला ऐकू जाते त्याच्या असण्याची माफी. मग ते गोळ्या कशाला घेईल?

बाबांना तीन फोन केल्यावर ते आले, आणि आल्या आल्या जे सांगितलं ते बायकोलाही पूर्ण माहीत नव्हतं. प्रेग्नन्सीत हिचा रिपोर्ट आला होता, थॅलेसेमिया मायनर. मायनरला स्वतःला काही त्रास नसतो, पण आईबाप दोघंही मायनर निघाले तर प्रत्येक खेपेला 25 टक्के शक्यता मेजर मुलाची. डॉक्टरांनी सांगितलेलं, मिस्टरांचीपण टेस्ट करून या, म्हणजे गरज पडली तर पोटातल्या बाळाची तपासणी करून पुढचं ठरवता येईल. हे गेलेच नाहीत. घरी सांगितलं, करून आलो, नॉर्मल आहे.

खरं सांगते, अशा वेळी तोंडावर येतं की "तुमची काही चूक नाही हो". नाही म्हणाले मी. चूक होती, आणि त्या माणसाला ते माहीत होतं, मी खोटी समजूत काढली असती तर तो परत आलाच नसता. मी एवढंच विचारलं की चूक 14 वर्षांपूर्वीची, मग दोन वर्षं हॉस्पिटलला का जात नाही? गप्प. बायको त्यांच्याशी महिनाभर बोलत नव्हती, तो वेगळाच विषय, त्यावर कधीतरी.

मुलीला त्यांनी स्वतः सांगावं असं ठरलं, माझ्यासमोर. सांगितलं, अडखळत. तिने शांतपणे हिशेब केला. "म्हणजे टेस्ट केली असतीत तर मी नसते."

"कदाचित नसतीस."

पंख्याचा आवाज येत होता फक्त. मी मधे पडले नाही, फार अवघड गेलं ते. मग तिने विचारलं, "पैसे नव्हते का?"

"पैशाचं नाही गं. मला सुईची भीती वाटते."

"सुईची??" आणि ती पोरगी हसायला लागली, जिच्या हातावर शीर सापडायला नर्सला चार-चार वेळा टोचावं लागतं ती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मग आई, आणि मग बाबा रडले.

म्हणून कोणी विचारलं की मुलाने असं म्हटल्यावर उत्तर काय द्यायचं, तर मी म्हणते, विचारलं नव्हतं हे कबूल करा, सॉरी जपून वापरा, आणि पिशवीकडे नाही, पोराकडे बघा. या केसमधे एक कामाची गोष्टपण झाली, घरात धाकट्या मावशीचं लग्न ठरत होतं तर मुलीने स्वतः मावशीला आणि होणाऱ्या काकांना टेस्टला पिटाळलं.

गोळ्या चालू झाल्यात, रोज नाही, पण बेसिन सुटलंय. परवा आईने सांगितलं, बाबा सुट्टी टाकून आले होते रक्ताला. नर्सने सुई हातात घेतली तसे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, तर ही नर्सला म्हणते, "सिस्टर, आधी यांना खुर्ची द्या."