लाकडी फ्लोअर घासायचंय? आधी फळी किती उरलीय ते बघा

लाकडी फ्लोअरिंगवर बरेच प्रश्न साठले होते, त्यातले पाच या वेळी घेतेय. बहुतेकांनी विचारलंय की घासायचं कसं. पण त्याआधी घासायची गरज आहे का हे बघायला हवं, कारण पॉलिश परत लावता येतं, घासून गेलेलं लाकूड परत येत नाही.

प्रश्न : ताई, हॉलमधल्या लाकडी फ्लोअरची जाण्यायेण्याच्या वाटेवरची चमक पूर्ण गेलीय, बारीक ओरखडेही खूप आहेत. सँडिंग मशीन भाड्याने आणून दोन दिवसांत काम उरकायचं असं ठरवलंय. असलं काम आधी कधी केलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : मशीन आणू नका अजून. आधी चार-पाच ठिकाणी पाण्याचा एकेक थेंब टाका, वाटेवर, खिडकीपाशी, सोफ्याखाली, आणि पाच मिनिटं थांबा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर वरचं कोटिंग जिवंत आहे, लाकडापर्यंत काही पोचलेलं नाही. अशा वेळी पूर्ण सँडिंग करायचंच नाही, जुन्या कोटिंगवर बारीक जाळीचा पॅड फिरवायचा, म्हणजे त्याला नुसती खरखर येते, मग धूळ नीट पुसून वरून नवा हात मारायचा. ओरखडे कोटिंगमध्येच असतील तर एवढ्यावर फ्लोअर नव्यासारखं दिसतं आणि लाकूड जवळपास जात नाही. थेंब जिरून डाग गडद झाला तर मात्र तिथलं कोटिंग संपलंय.

एक अडचण मेणाची. कोणी कधी वॅक्स लावलं असेल तर त्यावर पॉलियुरेथेन (फ्लोअरवर लावायचं कडक, पारदर्शक पॉलिश) धरत नाही, पापुद्रे निघतात. पांढऱ्या फडक्यावर मिनरल टर्पेंटाइन घेऊन कोपऱ्यात चोळून बघा, फडकं पिवळट-तपकिरी आणि चिकट झालं तर मेण आहे, मग नुसता नवा हात चालणार नाही.

पूर्ण सँडिंग लागणारच असेल तर फळीची जाडी बघा. उंबऱ्याजवळची पट्टी काढली की फळीची कड दिसते. अखंड लाकडाची फळी साधारण १८ ते २० मिमी जाड असते, पण ती सगळी आपल्या कामाची नाही, कारण एका फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसलेली असते आणि त्या जिभेच्या वर जेवढं लाकूड आहे, बहुतेक वेळा ६ मिमीच्या आसपास, तेवढंच घासता येतं. एका पूर्ण सँडिंगमध्ये अर्धा ते एक मिमी जातं, म्हणजे फळीच्या सगळ्या आयुष्यात हे काम मोजक्याच वेळा होऊ शकतं. इंजिनीअर्ड फ्लोअरिंगमध्ये खाली प्लाय आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ थर असतो, तो २ मिमीपेक्षा कमी असेल तर त्यावर मशीन लावूच नका. आणि लॅमिनेट असेल तर विषयच संपला, तिथे दिसणारं लाकूड हे कागदावरचं चित्र असतं, घासलं की चित्रच जातं.

जुन्या घरात फ्लोअरवर रंग दिलेला असेल तर आधी त्यात शिसं आहे का ते टेस्ट करून घ्या. शिसं निघालं तर कोरडं घासायचं नाही, धूळ मुलांच्या पोटात जाते. ते काम त्यातल्या जाणकारांकडे द्या.

प्रश्न : मागच्या महिन्यात स्वतः सँडिंग केलं. घासून झाल्यावर छान वाटत होतं पण पॉलिशचा पहिला हात मारल्यावर सगळीकडे गोल रेघा आणि लाटा दिसायला लागल्या. काय चुकलं?

उत्तर : वाचून वाईट वाटलं, कारण मेहनत पूर्ण केलेली असते आणि पॉलिश लागल्याशिवाय हे दिसतच नाही. लाटा येतात त्या ड्रम मशीनमुळे, म्हणजे ज्यात सँडपेपर गुंडाळलेला रूळ फिरतो त्या मशीनमुळे. ड्रम फिरत असताना मशीन क्षणभर जरी जागेवर थांबलं तरी तिथे खोलगट भाग पडतो. मी पहिल्यांदा ते मशीन हातात घेतलं तेव्हा भिंतीपाशी पोचल्यावर ड्रम उचलायच्या आधी वळून मागे बघितलं, एवढंच. संध्याकाळी खिडकीतून आडवं ऊन आलं तेव्हा तिथे ताटाएवढा उथळ खड्डा स्पष्ट दिसत होता, आणि तो काढायला आजूबाजूचं लाकूडही तेवढंच खाली न्यावं लागलं, त्याची रुखरुख मला अजून आहे. म्हणून मशीन चालत असतानाच ड्रम हळू टेकवायचा, चालत असतानाच उचलायचा, आणि फळीच्या लांबीच्या दिशेने जायचं. पहिल्यांदा करणाऱ्यांनी ड्रमऐवजी ऑर्बिटल मशीन (ज्याचा सपाट पॅड छोट्या वर्तुळांत फिरतो) घेतलेलं बरं, वेळ जास्त लागतो पण खड्डे पडत नाहीत.

गोल रेघा बहुतेक एज सँडरच्या, म्हणजे भिंतीलगतची कड घासायच्या छोट्या मशीनच्या, आहेत किंवा मधला कागद गाळल्याच्या. सँडपेपरचा नंबर जितका कमी तितका तो जाडाभरडा. साधारण ४०, मग ६०, मग ८०, शेवटी १००. प्रत्येक कागद आधीच्या कागदाने पाडलेले ओरखडे काढतो, बाकी त्याचं काम काही नाही. त्यामुळे ४० वरून थेट १०० वर उडी मारली तर ४० चे खोल चर तसेच राहतात, डोळ्याला दिसत नाहीत आणि पॉलिश आत उतरलं की उठून येतात. फ्लोअरची अवस्था बरी असेल तर ४० लावायचाच कशाला, ६० किंवा ८० पासून सुरू करा. कडेलाही तेच नंबर त्याच क्रमाने वापरा, नाहीतर भिंतीलगत वेगळ्या छटेचा पट्टा दिसतो.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे पेन्सिल. प्रत्येक कागदाच्या आधी पूर्ण फ्लोअरवर पेन्सिलने हलक्या नागमोडी रेघा ओढा आणि त्या पुसल्या जाईपर्यंत घासा. रेघ जिथे राहिली तिथे कागद पोचलेला नाही. रेघा गेल्या की थांबा, उगाच आणखी फिरवत बसू नका. आणि सुरू करायच्या आधी वर आलेला प्रत्येक खिळा पंचने २-३ मिमी आत ठोका, एक खिळा कागद फाडतोच आणि ठिणगीही पाडतो. भुशाने भरलेल्या पिशवीत ती ठिणगी गेली तर पिशवी आतल्या आत धुमसत राहते, म्हणून मशीनची पिशवी रात्रभर घरात ठेवायची नाही, बाहेर नेऊन रिकामी करायची. मास्क साधा कापडी नको, बारीक धूळ अडवणारा हवा. लाकडाची धूळ कॅन्सरला कारणीभूत असलेल्या गोष्टींमध्ये गणली जाते.

आता तुमच्या फ्लोअरचं काय, तर शेवटचे दोन कागद ऑर्बिटलवर परत फिरवून रेघा नक्की जातील. लाटा आडव्या उजेडात सोडून जाणवत नसतील तर माझं ऐका, राहू द्या.

प्रश्न : पाइप गळून खोलीत पाणी साचलं होतं. फळ्यांच्या कडा वर आल्यात, मध्ये खोलगट झालंय, काही ठिकाणी काळे डाग आहेत. लगेच घासून सपाट करून घेऊ का?

उत्तर : नाही, प्लीज घाई करू नका. फळी खालून भिजली की खालची बाजू फुगते आणि कडा वर येतात. आत्ता त्या कडा घासून सपाट केल्या आणि नंतर फळी वाळली तर ती उलटी वाकते, मध्ये फुगवटा येतो, आणि मग सपाट करायला आणखी लाकूड द्यावं लागतं. आधी गळती थांबवा, हवा खेळती ठेवा आणि लाकडातला ओलावा दाखवणाऱ्या मॉइश्चर मीटरने कोरड्या खोलीतली फळी आणि ही फळी दोन्ही मोजून आकडे जवळ येईपर्यंत थांबा. याला आठवडे लागतात, कधी महिने. पुष्कळदा फळ्या बऱ्याच अंशी आपोआप बसतात.

काळे डाग म्हणजे लाकडातलं टॅनिन आणि लोखंड यांचा पाण्यात झालेला संयोग, तो खोल गेलेला असतो म्हणून घासत राहून जात नाही. वरचं कोटिंग काढल्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावायचं, डागावरच नाही तर अख्ख्या फळीवर, नाहीतर फिकट ठिपका पडतो. ते विषारी आहे, ग्लोव्ह्ज आणि गॉगल घालाच. नंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्या, पांढरे कण वाळून राहिले आणि ते घासले तर नाकाघशाला फार झोंबतात.

प्रश्न : पॉलियुरेथेन पाण्याचं घ्यावं की ऑइलचं? की नुसतं तेल? घरात रांगणारं बाळ आहे.

उत्तर : बाळ आहे तर माझं मत पाण्याच्या पॉलियुरेथेनला. वास कमी, दोन-चार तासांत पुढचा हात मारता येतो, रंगही बदलत नाही. ऑइलचं मधासारखी पिवळसर झाक देतं, सुंदर दिसतं, पण दोन हातांमध्ये बहुधा एक दिवस जातो आणि वास बराच रेंगाळतो. कोणतंही घ्या, डबा हलवू नका, काठीने सावकाश ढवळा, हलवलं की बुडबुडे येतात आणि ते तसेच वाळतात. हात पातळ मारा, दाराकडे येत येत संपवा. वाळलं आणि पक्कं झालं यात फरक आहे, पाण्याच्याला साधारण आठवडा लागतो, ऑइलच्याला महिन्यापर्यंत, तोवर गालिचा अंथरू नका आणि बाळालाही दुसऱ्या खोलीत ठेवा.

नुसत्या तेलाच्या प्रकारातलं हार्डवॅक्स ऑइल, म्हणजे तेल आणि मेणाचं मिश्रण, त्याचा फायदा असा की नंतर ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त करता येते, सगळी खोली घासावी लागत नाही. पण त्याची निगा जास्त. आणि तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसासारखं तेल वाळताना गरम होतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. घराबाहेर सुटं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

प्रश्न : फळ्यांमधल्या फटी लांबीने (पुट्टीने) भरून टाकू का?

उत्तर : हवा कोरडी असताना फटी उघडतात आणि दमट हवेत मिटतात असं असेल तर भरू नका, फळ्या फुगल्या की लांबी चुरा होऊन बाहेर येते. बारा महिने तशाच राहणाऱ्या रुंद फटीत त्याच जातीच्या लाकडाची पातळ चीप एका बाजूलाच गोंद लावून बसवा.