ऑर्कुट मागे का पडले?

प्रश्न : 2007च्या सुमारास आमच्या कॉलेजात जो तो ऑर्कुट या समाजमाध्यमावर असे. चार-पाच वर्षांत सगळे फेसबुकवर गेले आणि आज फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप या तिन्हींची मालकी एकाच कंपनीकडे आहे. ही कंपनी इतरांपेक्षा खरोखरच एवढी सरस होती का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काही बाबतींत होती, पण आजच्या वर्चस्वाचे सगळे श्रेय गुणवत्तेला देता येणार नाही. ऑर्कुट जानेवारी 2004 मध्ये सुरू झाले आणि फेसबुक त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. ऑर्कुटमागे गूगल असल्याने पैशांचीही वानवा नव्हती. फेसबुक मात्र आधी हार्वर्ड विद्यापीठापुरते आणि मग एकेका विद्यापीठासाठी खुले होत गेले. त्यामुळे नव्याने येणाऱ्याला आपल्या वर्गातली मुले तिथे आधीच भेटत आणि सर्व्हरवरही एकदम ताण येत नसे. त्यांच्या आधीचे फ्रेंडस्टर नेमके या ताणाखाली कोलमडले होते. त्याचे पान उघडायलाच इतका वेळ लागे की लोक कंटाळून निघून जात.

माझ्या मते खरे वळण सप्टेंबर 2006 मध्ये आले. त्या महिन्यात फेसबुक सर्वांसाठी खुले झाले आणि ‘न्यूज फीड’ही सुरू झाली. ऑर्कुटवर मित्राची खबरबात घ्यायची तर त्याच्या स्क्रॅपबुकात, म्हणजे मित्रांनी निरोप लिहायच्या पानावर, जाऊन पाहावे लागे. फेसबुकवर ती आपोआप समोर येऊ लागली. सुरुवातीला वापरणाऱ्यांनीच तिला कडाडून विरोध केला, तरी पुढे याच सोयीने त्यांना तिथे खिळवून ठेवले. एकदा मित्रमंडळी तिकडे वळू लागली, की मागे राहिलेल्याला ओस पडलेल्या पानावर थांबण्याचे कारण उरत नाही. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले.

त्यानंतरची वाढ पुष्कळशी खरेदीतून झाली. 2012 मध्ये 1 अब्ज डॉलरला इन्स्टाग्राम विकत घेण्याचे ठरले, तेव्हा त्या कंपनीत अवघे 13 कर्मचारी होते. 2014 मध्ये व्हॉट्सॲपसाठी 19 अब्ज डॉलरचा सौदा जाहीर झाला. उद्या स्पर्धक होऊ शकणाऱ्या कंपन्या अशा विकत घेऊ देणे ही नियामकांची मोठी चूक होती, असे मला ठामपणे वाटते. बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर 2020 मध्ये याविरुद्ध दावा दाखल केला. परंतु टिकटॉक आणि यूट्यूब यांची स्पर्धा लक्षात घेऊन न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

पर्याय असूनही लोक का हलत नाहीत, याचे उत्तर आपल्याच मोबाइलमध्ये आहे. कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवण्याची सोय भारतात 2011 पासून देशभर आहे आणि नव्या कंपनीच्या सिमवरून जुन्या कंपनीच्या ग्राहकाला फोनही लागतो. व्हॉट्सॲप सोडणाऱ्याला मात्र सोसायटीचा, शाळेतल्या पालकांचा आणि नातलगांचा असे सगळेच ग्रुप सोडावे लागतात. दुसऱ्या ॲपवरून व्हॉट्सॲपवर संदेश धाडता यावा, असे बंधन युरोपीय संघाने मार्च 2024 पासून कायद्याने घातले आहे. तसे बंधन भारतातही हवे.