बोटीचं स्टेअरिंग ढिलं झालंय, काय करू?

प्रश्न : आमची १८ फुटी फायबरची बोट आहे, मागे ४० एचपीचं आउटबोर्ड इंजिन, देवबागला पर्यटकांना संगमापर्यंत फिरवतो. यंदा स्टेअरिंग खूप ढिलं वाटतंय, चार बोटं फिरवलं तरी इंजिन हलतच नाही आणि मग एकदम वळतं. मेकॅनिक म्हणतो अख्खा स्टेअरिंग सेट बदला. बदलू का?
– एक वाचक, ता. मालवण

उत्तर : दादा, लगेच पैसे घालू नका, आधी खेळ, म्हणजे ढिलेपणा, नेमका कुठे आहे ते शोधा. मी स्वतः एकदा घाईने पुढचा, चाकामागचा स्टेअरिंगचा गिअरबॉक्स बदलला होता आणि ढिलेपणा तसाच राहिला, दोष होता मागच्या एका बोल्टात, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

बोट किनाऱ्यावर ओढून घ्या, इंजिन बंद आणि खाली सोडलेलं. एकाने इंजिनाला दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने मागे जवळ बसून बघायचं. ट्रान्समवरून, म्हणजे बोटीच्या ज्या मागच्या फळीवर इंजिन बसतं तिच्यावरून, अख्खं इंजिनच हलतंय का? मग क्लॅम्पचे नाहीतर ट्रान्समचे बोल्ट ढिले आहेत, आणि आवळूनही घट्ट बसत नसतील तर आतलं लाकूड कुजलंय का ते बघा, तो खर्च मोठा पण टाळता येत नाही. ट्रान्सम ठीक आहे, इंजिन वळतंय पण टिल्ट ट्यूबमधून (इंजिन ज्यावर वर उचललं जातं ती आडवी नळी) बाहेर आलेला केबलचा दांडा जागचा हलत नाही, तर दांडा आणि इंजिन यांना जोडणारा जो लिंक आर्म आहे त्याचे जॉइंट झिजलेत. बऱ्याच वेळा इथेच सापडतं. दांडा पण हलतोय आणि चाक मात्र गप्प, तर खेळ केबलमध्ये किंवा पुढच्या गिअरबॉक्समध्ये आहे. आणि चाकच शाफ्टवर डुगडुगत असेल तर नट आणि किल्ली (चाक शाफ्टवर अडकवणारा खाचेतला छोटा तुकडा) तपासा, दहा मिनिटांचं काम.

लिंक आर्मला नायलॉनवाले सेल्फ लॉकिंग नटच लावा, एकदा काढलेला परत वापरू नका, आणि हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट तर अजिबात नको, खाऱ्या पाण्यात तो सडतो आणि भर समुद्रात तुटला की इंजिन मोकळं सुटून बोट गर्रकन फिरते, बसलेली माणसं बाहेर फेकली जातात. किती आवळायचं ते इंजिनाच्या मॅन्युअलात असतं, जॉइंट वळायला पाहिजे पण डुगडुगायला नको.

केबल झिजली असेल तर ती दुरुस्त होत नाही, आत तेल ओतून काही उपयोग नाही, पूर्ण बदलावी लागते. नवी घेताना जुनीच्या कव्हरवरचा नंबर बघून त्याच लांबीची घ्या, आखूड घेतली की ओढून बसते, लांब घेतली की वेडीवाकडी वळते आणि लवकर जाते. ग्रीस भरताना मात्र आधी चाक फिरवून दांडा पूर्ण ट्यूबच्या आत घ्या, बाहेर असताना भरलं तर ग्रीस आत अडकून स्टेअरिंग जाम होऊ शकतं. पावसाळ्यात बोट वर असते तेव्हाच दांडा पुसून ग्रीस मारून ठेवलात तर नारळी पौर्णिमेनंतर जड जात नाही.

आणि हे होईपर्यंत पर्यटक बसवू नका, प्लीज. एखादा दिवस बोट उभी राहील, राहू दे. चालवताना किल स्विचची दोरी, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी, स्वतःला बांधलेली असू द्या.

प्रश्न : स्टेअरिंग घट्ट आहे पण स्पीड धरला की बोट सारखी उजवीकडे ओढते.
– आणखी एक वाचक, दापोली

उत्तर : पंख्याच्या वर मागे एक छोटी पट्टी असते, ट्रिम टॅब. तिचा बोल्ट ढिला करून मागचं टोक थोडंसं उजवीकडे सरकवा, म्हणजे ज्या बाजूला ओढतंय त्याच बाजूला, आणि फेरी मारून बघा. एकदम जास्त नको. बऱ्याच इंजिनांत ही पट्टी गंज रोखायला झिंकची असते, तिला रंग लावू नका.