दूध दाटून छाती घट्ट का होते?

प्रश्न : सुनेचे सिझेरियन होऊन चार दिवस झाले. दूध उतरले, पण छाती दगडासारखी घट्ट झाली असून बाळ तोंडच धरत नाही. शेजारणी म्हणतात, दुधाला नजर लागली. नेमके कारण काय असावे? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नजरेचा येथे काही संबंध नाही. बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध वाढते, त्याच वेळी स्तनांकडील रक्तपुरवठा वाढून सूजही येते. पहिल्यांदा पाजण्यास झालेला उशीर, प्रसूतीच्या वेळी शिरेतून दिलेले भरपूर सलाईन, दोन पाजण्यांमधील मोठे अंतर आणि बाळाची चुकीची पकड यांमुळे ही सूज अधिक वाढू शकते. सिझेरियननंतर आईला कुशीवर वळणेही अवघड जात असल्याने यांपैकी बरेच काही एकदम घडते. त्यातच घरच्यांनी मध, घुटी किंवा वरचे दूध दिले की बाळाची भूक मरते आणि आईचे दूध तसेच साठून राहते. असे वरचे काही तर देऊच नये.

स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग ताणला गेला की स्तनाग्र सपाट होते व बाळाच्या तोंडात नीट येत नाही; म्हणून पाजण्यापूर्वी हाताने थोडे दूध काढून तो भाग मऊ करावा. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे आणि पाजून झाल्यावर थंड पाण्याची घडी ठेवावी. नागपूरच्या उन्हाळ्यात आईचे पिण्याचे पाणी मात्र तोडू नये. ताप, थंडी किंवा एखादा भाग लाल व गरम झाल्यास पाजणे न थांबवता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.